पायाला लावायचं मशीन

समीक्षाचं बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं, त्यामुळे त्याची फुप्फुसं अजून कच्चीच होती. चोपड्याच्या दवाखान्यातून घरी सोडताना रूपा सिस्टरने पायाला लावायचं मशीन दिलं आणि बाळाच्या आजीला, मंजुळाबाईंना बजावलं, "अक्का, रोज सकाळी ऑक्सिजनचा आकडा वहीत लिहायचा. नव्वदच्या खाली गेला, तर बाळ पुन्हा ॲडमिट!"

चार दिवसांनी सिस्टर चोपड्याहून घरी तपासायला आल्या. वहीत त्र्याण्णव, ब्याण्णव, एक्याण्णव आणि आज सकाळी सत्त्याऐंशी. सिस्टरने लगेच अँब्युलन्स बोलावली, समीक्षा रडायला लागली, अख्खी गल्ली दारात जमली. तेवढ्यात सिस्टरने स्वतः मशीन बाळाच्या पायाला लावून पाहिलं. अठ्ठ्याण्णव! वर बाळाने मस्त जांभई दिली.

"अक्का, मग वहीतले आकडे कोणाचे?"

"तेले लावं का तो रडस," आजी स्वतःचं बोट पुढे करत, दर शब्दाला धापा टाकत म्हणाल्या, "म्हनीसन मी मना बोटले लावस. रगत ते एकच शे ना!"



अँब्युलन्स काही रिकामी गेली नाही. आत आजी आडव्या पडल्या होत्या, बोटाला मशीन होतं आणि आता रडत त्याच होत्या.