चमच्याचं उत्तर

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला, तेव्हा घरातल्या जुन्या रेकॉर्डिंगचा फोल्डर लेकीने आपल्या कॉम्प्युटरवर बंद करून ठेवला. चुकून कानावर पडायला नको. आज त्यांनीच पाटीवर लिहिलं, ‘ऐकायचंय.’ घरच्या नेटवर्कवरून त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फोल्डर दिसत होता, पण उघडत नव्हता. “परवानगी नाही म्हणतोय?” तिने आपल्या खोलीतून विचारलं. कपावर चमचा दोनदा वाजला, म्हणजे हो. पाटी दारातून डोकावून गेली: ‘आवाज माझा, बंदी मलाच?’ “जरा दम धरा हो!” नेटवर्क एकच, पासवर्ड बरोबर, उघडायची परवानगी मात्र तिने तेव्हा स्वतःपुरतीच ठेवली होती. बाबांचं नाव घातलं. “आता बघा.” चमचा वाजला नाही. ती कामाला लागली. पलीकडून हाक आली, “चिमणे, जेवण गार होतंय गं!” “आले बाबा,” म्हणत ती उठली, आणि दाराशी थांबली. चमचा वाजला, दोनदा.