एका बटणाचं काम

जळकोटच्या वाचनालयाला देणगीत तीन संगणक मिळाले, तिन्हींची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी. ग्रंथपाल चैतालीनं तीन महिने खपून पुस्तकनोंदीचं मोफत सॉफ्टवेअर असं बनवलं, की कुठल्याही संगणकावर एका बटणात बसावं. बटण होतं ‘मान्य आहे’. अध्यक्ष आबाराव ते दाबेनात. तंटामुक्ती समितीत मुरलेला माणूस, वाचल्याशिवाय कशालाच मान्यता देत नसे. चष्मा लावून त्यांनी सगळ्या अटी मोठ्यानं वाचल्या आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “‘कसलीही हमी नाही.’ हे न्हाय चालायचं.” “आबा, सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये हेच असतंय.” चैताली रडकुंडीला आली. “पण वर तूच लिवलंयस, कुणीबी बदल करावा. व्हय का न्हाय?” “व्हय की!” चैताली म्हणाली. आबारावांनी पुस्तकांवर नंबर टाकायचा मार्कर उचलला, पडद्यावरची ती ओळ खोडली, शेजारी सही ठोकली. “आता मान्य हाय. बाकीचे दोन बी दाखव.”