बिजल्याचा व्हिडिओ

बिजल्या बैल मेल्यापासून शंकरपट जिंकतानाचा त्याचा एकमेव व्हिडिओ अंगद येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. आज लिंबागणेशचे पाहुणे यायचे अन् घरचा कॉम्प्युटर चालता चालेना. “लई भरलाय गं, तूच साफ कर,” बायकोला सांगून तो फाट्यावर गेला. सत्यशीला खुर्ची ओढून बसली. साफ कसं करायचं ते दिवाळीत त्यानंच दाखवलं होतं: जड फाइल डिलीट, मग रिसायकल बिन रिकामं. तेव्हा तिच्या वारलेल्या आईचा शेळ्यांना हाळी देतानाचा रेकॉर्ड केलेला आवाज उडाला, तेवढाच उरलेला. ती रडली तर हा म्हणाला, “मेलेल्याचं काय साठवून ठेवायचं?” पाहुणे आले. कॉम्प्युटर चुटकीसरशी उघडला. अंगदनं सगळं धुंडाळलं, रिसायकल बिनसुद्धा. “बिजल्या कुठाय?” “मेलेल्याचं काय साठवून ठेवायचं?” सत्यशीलानं चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला. “तुमच्याकडं त्याची घुंगरमाळ तरी हाय. हलवली की वाजती.”