तिच्या हातात काय होतं?

"काय पाहिलंत, जावईबापू?"

सिनेमा संपला आणि सासऱ्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला. नेहमीसारखाच, त्याच्याकडे न बघता, टीव्हीशेजारच्या भिंतीकडे तोंड करून.

जावयाचं चष्म्याचं दुकान होतं. आठवडाभर गिऱ्हाइकांकडून अक्षरं वाचून घेता घेता तो विटून जाई. रविवारी पाय पसरून मारामारीचा सिनेमा लावावा, हिरोने एका बुक्कीत चौघे लोळवावेत, यापलीकडे त्याचं काही मागणं नव्हतं. पण सासरे पडले नावाजलेले सिनेसमीक्षक. लग्न ठरताना त्यांनी आवडता सिनेमा विचारला, यानं भाबडेपणानं खरं नाव सांगितलं, आणि ते नुसतं "बरं" म्हणाले. ते "बरं" त्याला अजून पचलेलं नव्हतं.

दर रविवारी त्याला बाबांकडे सिनेमाला धाडताना बायको म्हणे, बाबांना तुमची सोबत आवडते. कसली डोंबलाची सोबत! परकी भाषा, मुकी माणसं आणि वर ही तोंडी परीक्षा. मागच्याच महिन्यात सासरे रस्त्यात समोरून आले आणि ओळखही न दाखवता निघून गेले. नवा चष्मा करून देतो म्हटलं, तर म्हणाले, "तुमच्या दुकानातलं मला काही उपयोगाचं नाही." हे मात्र त्याला फार लागलं होतं.

तरी वर्षभर तो उसनी अक्कल पाजळत आला. खिडकी म्हणजे एकाकीपण, धूर म्हणजे अपराध. सासरे विचारत, "ते ठीक, पण तिच्या हातात काय होतं?"

"पोकळी, बाबा."

सासरे उसासा टाकत. पुन्हा नापास, असं मनाशी म्हणत तो घरी जाई.

आज त्याच्यात तेवढंही त्राण नव्हतं. पुढच्या रविवारपासून मी जाणार नाही, असं बायकोला सांगूनच तो निघाला होता.

"खरं सांगू, बाबा? मला यातलं काही कळत नाही. एक म्हातारी खिडकीत बसली होती. मुलगा हिरव्या बसमध्ये चढला, बस गेली. मग तिनं आत येऊन दोन कप काढले, आणि एक परत ठेवला. झालं. संपला सिनेमा."

सासरे खुर्चीत पुढे सरकले.

"परत ठेवला? आणि चेहरा?"

"रडली नाही. उरलेल्या कपाची कड अंगठ्यानं पुसत राहिली."

सासऱ्यांचा अंगठाही खुर्चीच्या हातावर तसाच फिरू लागला. आता आणखी एक "बरं" ऐकायची त्याची तयारी नव्हती. तो आवाज न करता उठला, अनवाणीच दारापर्यंत गेला आणि चपलांसाठी वाकला.

मागून सासऱ्यांचा आवाज आला. त्यानं वळून पाहिलं. त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, हात पुढे करून ते हळूच म्हणत होते, "पोरीला एवढ्यात कळू देऊ नका. पण पुढच्या रविवारी असंच सांगाल ना मला, पडद्यावर काय चाललंय ते?"