बाहेरची कडी

सुप्रियाने टूथब्रशचा दांडा मधोमध कापला आणि अर्धा ब्रश पिशवीत टाकला. मग सायकलला अडकवायच्या दोन्ही पिशव्या तिने कांद्याच्या गोण्या तोलायच्या काट्याला लावल्या, आकडा पाहिला आणि सगळं सामान पुन्हा ओट्यावर ओतलं.

"अजून जड हाय," ती म्हणाली.

तिचा बाप हनुमंत शेजारी बसून होता. सकाळपासून तो एकेक वस्तू आणून पिशवीत ठेवत होता आणि ती एकेक काढून परत त्याच्या हातात देत होती. मोठी बॅटरी झाली, घुंगरांची काठी झाली, सोलापुरी चादर झाली. आता आणायला काही उरलं नव्हतं.

"घोडेगावला तुझी आत्या हाय," तो म्हणाला. "तिला फोन केलाय म्या. मटकी भिजत घालते म्हणाली."

"आप्पा! कितींदा सांगू? मागं सामानाची गाडी न्हाई, पुढं पावणं न्हाई. सगळं माझं मी वाहायचं, माझं मी शिजवायचं. मटकी खायाला जायचं तर सायकल कशाला, यष्टी काय वाईट हाय?"

"आन् झोपायचं कुठं?"

"सांगितलं की. तंबूत. पयल्या दिवशी डिंभ्याला, धरणाच्या कडंला. मग वर भीमाशंकरच्या अंगाला. चौथ्या दिवशी जुन्नरवरनं घरी."

तंबू तिथेच पडला होता. गुंडाळलेला, उशीएवढा. हनुमंताने त्याचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं. छत्रीचं असतं तसं होतं.

घराच्या मागे ऊस होता, अगदी अंगणाला लागून. दिवाळीत त्या उसातून बिबट्या आला आणि खुंट्याला बांधलेली मेंढी घेऊन गेला. तेव्हापासून राजुरीच्या या वस्तीवर दिवस मावळला की कुणी अंगणात थांबत नव्हतं. हनुमंताने मेंढरांसाठी जाळीचा गोठा केला, वरूनही जाळी टाकली. स्वतःची बाज घरात घेतली.

त्याची आई तानूबाई उंबऱ्यात बसून ऐकत होती. तिचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे, उघड्यावर गेलं होतं.

"आई, तू तरी सांग हिला."

"मी काय सांगू? मी कुठं छपराखाली निजत व्हते?" म्हातारी म्हणाली. "तवा वाघ डोंगरात व्हता आन् आमी शिवारात. आता वाघ शिवारात आलाय, आन् ही निघालीय डोंगरात. चुकामूक व्हईल बघ बरोबर."

सुप्रिया मोठ्याने हसली. हनुमंताला हसता आलं नाही.

"तुमी मेंढरांच्या तळावर वाडाभर माणसं व्हता," तो म्हणाला. "कुत्री व्हती. ही एकटी."

"एकटी," तानूबाई म्हणाली. नंतर ती लुगड्याचा पदर नीट करत राहिली.

शनिवारी निघायच्या आधी एक रात्र तंबूत काढून पाहायची, असं सुप्रियाने ठरवलं होतं. अंगणात ते शक्य नव्हतं. दोन दिवस वाद झाला आणि शेवटी गोठ्यावर तडजोड झाली.

तिन्हीसांजेला तिने अर्ध्या गोठ्यात तंबू उभा केला. मेंढरं मधल्या जाळीपलीकडे गेली. एक म्हातारी मेंढी जाळीला तोंड लावून तंबूकडे बघत राहिली.

सुप्रिया तंबूत शिरली. चेन ओढल्याचा आवाज आला. हनुमंताने गोठ्याचं दार लोटलं आणि कडी सरकवली. कडी बाहेरूनच होती. मेंढरांना आतून कडी कशाला लागते?

"आप्पा, कडी काढा."

"असू दे."

"रातीला बाहेर यायचं झालं तर तुमाला हाक मारू? मग माझी मी कसली?"

"तुझ्यासाठी न्हाई, मेंढरांसाठी लावली."

"मेंढरांचं दार पलीकडं हाय. त्याची कडी येगळी."

ती होतीच. त्यानेच बसवली होती.

तंबूच्या कापडामागे ती जराशी हलली. मग तिचा आवाज आला, आता हळू.

"शनिवारी तिथं कडी कोण लावणारंय, आप्पा?"

हनुमंताने कडी काढली.

दार बाहेरच्या बाजूला कललेलं होतं. सोडलं की आपसूक उघडत जायचं. तसं ते उघडू लागलं. त्याने ते हाताने धरलं आणि आवाज न करता पुन्हा चौकटीला टेकवलं.

पाठीमागे उसाची पाती वाजली. वारा होता. वाराच असावा. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"आवो, आत या की, अंधार पडला," घरातून बायकोची हाक आली. थोड्या वेळाने पुन्हा आली.

"आप्पा," तंबूतून सुप्रियाने विचारलं, "गेलात का?"

जाळीपलीकडची मेंढी आता त्याच्याकडे बघत होती.

"गेलो," हनुमंत दार धरून म्हणाला.