नवं कुलूप

“हे काम मला नकोय. नाकारायला कुठे सही करायची, तेवढं दाखवा,” असं म्हणत ठिणगीने मृत्युपत्राची प्रत वकीलबाईंच्या टेबलावर आपटली. पेनांचा डबा कलंडला. वकीलबाईंनी तो उभा केला आणि बसा म्हणाल्या. ठिणगी बसली नाही.

ठिणगी हे तिचं घरातलं नाव, बाबांनीच ठेवलेलं. बिस्किटांच्या कारखान्यात ती मालाची तपासणी करायची आणि तिने नापास केलेल्या मालावर मालकही तिच्याशी हुज्जत घालत नसे. वकील शोधता शोधता तिचं डोकं आधीच तापलं होतं. पहिला वकील निघाला घटस्फोटवाला. मृत्युपत्राचं सगळं ऐकून घेऊन त्याने विचारलं, पण तुमचं नवऱ्याशी पटतं ना? दुसऱ्याच्या चकचकीत ऑफिसात तिला नुसतं बसवून ठेवलं आणि शेवटी पुढच्या महिन्यात या म्हणून सांगितलं. मग कारखान्यातल्या एका मैत्रिणीने सुचवलं, अगं, तुझ्याच गल्लीच्या टोकाला, लाँड्रीच्या वर एक वकीलबाई बसतात, त्या जन्मभर हेच करत आल्यात. रोज ज्या जिन्यासमोरून ती जायची, तोच जिना. त्याचाही तिला राग आला.

खरा राग बाबांवर होता. आई गेल्यावर बाबांनी दुसरं लग्न केलं. घरात आलेल्या त्या बाईला धाकट्या भावाने पहिल्या दिवसापासून आई म्हटलं. ठिणगीने एकदाही म्हटलं नाही. त्यावरून कडाक्याचं भांडण झालं, बाबा त्या बाईच्या बाजूने बोलले आणि ठिणगी जी घराबाहेर पडली ती पडलीच. बाबांना भेटायला ती दवाखान्यात जायची, तेही ती बाई घरी गेल्याची खात्री करून. आता बाबा गेले. मृत्युपत्रात घर भावाला. आणि हिला काय, तर मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारी एक्झिक्युटर नेमलेलं. म्हणजे जेवायला भाऊ आणि भांडी घासायला बहीण.

नाकारायचं तर नाकारा, पण काय नाकारताय ते तरी ऐका, असं वकीलबाई म्हणाल्या. दाखले काढायचे. बाबांचं जे जे काही आहे ते शोधायचं आणि सांभाळायचं. दवाखान्याची, विजेची जी देणी राहिली असतील ती बाबांच्याच पैशातून भागवायची. मग ज्याचं त्याला द्यायचं. तोवर सगळं एक्झिक्युटरच्या ताब्यात. घरातून कुणी चमचा जरी उचलून नेला तरी जाब तिला विचारणार. या सगळ्यातून मला काय मिळणार, असं ठिणगीने विचारलं. मनस्ताप, असं वकीलबाईंनी सरळ सांगून टाकलं.

मग त्यांनी चुरगळलेली प्रत सरळ केली आणि हे शेवटपर्यंत वाचलंय का, असं विचारलं. ठिणगीने वाचलं नव्हतं. स्वतःचं नाव आलं तिथेच तिने संतापाने कागद मिटला होता. वकीलबाईंनी पुढचं वाचून दाखवलं. घर मुलाचं, पण माझी बायको हयात आहे तोवर तिथेच राहील. तिला तिथून कुणीही हलवू नये, आणि हे पाहण्याची जबाबदारी एक्झिक्युटरची.

ठिणगी आता बसली.

“त्या बाईची राखण? आणि मी करायची?” ती म्हणाली. “जिच्यापायी मला घर सोडावं लागलं, तिची? मेल्यावरही बाबांनी तिचीच बाजू घेतली.”

तिचा आवाज खाली आल्यावर वकीलबाईंनी कोरा कागद ओढला. नाकारता येतं, अर्ज आत्ताच लिहून देते, अट एकच, काम सुरू केलेलं नसावं. एकदा हात घातला की मग अंग काढून घेता येत नाही. तर घरातल्या कशाला हात लावलाय का?

ठिणगी आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, कुलूप तेवढं बदललं.

झालं होतं असं. आदल्या दिवशी ती हाच कागद भावाच्या तोंडावर फेकायला गेली, तर दाराशी टेम्पो उभा. फ्रिज चढलेला, दोघे जण पलंग उचलून बाहेर आणत होते. ती बाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली, कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन. आणि भाऊ साखर पेरल्यासारखा बोलत होता, आई, वृद्धाश्रमात तुझ्या वयाची माणसं असतील, इथे एकटी काय करशील. ठिणगीचं टाळकं सरकलं. ती टेम्पोच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. सामान पुन्हा आत गेलं. ताई, घर माझं आहे, असं भाऊ म्हणाला. असेल, आधी पलंग जागेवर ठेव, असं तिने सांगितलं. भाऊ राहायला दुसरीकडे असला तरी त्याच्याकडे जुन्या कुलपाची किल्ली होती, म्हणून किल्लीवाल्याला बोलावून तिथल्या तिथे नवं कुलूप बसवून घेतलं.

“बाबांचा पलंग होता तो, म्हणून,” ती म्हणाली. “दुसरं काही नाही. त्या बाईशी मी काल एक शब्द बोलले नाही.”

वकीलबाईंनी कागदावर अजून एक अक्षरही लिहिलं नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“नव्या कुलपाच्या किल्ल्या किती?”

“दोन. एक माझ्याकडे.”

“आणि दुसरी भावाकडे?”

“त्याच्याकडे कशाला?” ठिणगी ताडकन उठली. “राहते कोण तिथे? ती राहते ना? मग तिला नको का किल्ली?”