एकाच पूर्वजाचं देणं

"माशांबद्दल हवं ते लिहा, पण हे एक वाक्य काढा," म्हणत संशोधन संस्थेच्या संचालकांनी शाल्मलीच्या अहवालावर लाल रेघ ओढली.

तिचं डोकं सणकलं. कारखान्याच्या सांडपाण्याने खाडीतल्या नर माशांच्या पोटात अंडी धरू लागली होती. पाण्यातलं रसायन त्यांच्या पेशींना मादीचं संप्रेरकच वाटत होतं. ते संप्रेरक ओळखणारं प्रथिन मासे आणि माणसं, दोघांनाही एकाच पूर्वजाकडून मिळालंय, एवढंच त्या वाक्यात होतं.

"लोक उगाच घाबरतील."

"उगाच? चाळीस कोटी वर्षांत ते प्रथिन फारसं बदललेलं नाही, सर! जे माशाला फसवतं ते आपल्यालाही फसवू शकतं."

"तुमची नोकरी अजून कायम व्हायचीय, विसरू नका."

अहवाल उचलून ती बाहेर पडली आणि थेट खाडीकाठच्या ग्रामसभेत जाऊन उभी राहिली. तिथे तिने सगळ्यात आधी तेच वाक्य वाचलं, मग सोप्या शब्दांत समजावून सांगितलं.

सभेत कुजबुज सुरू झाली. कडेवरच्या नातीला सावरत एक कोळीण उठली.

"आनि हे तुमच्या सायबाला म्हायती हाय?"

"माहीत आहे," शाल्मली म्हणाली. "म्हणूनच तर त्यांनी ते खोडलं."